पगाराआधीचं ॲप-कर्ज: बेळगाव भागातल्या पोरांनी अडकल्यावर काय करायचं आणि जाब कुणाला विचारायचा

मच्छे गावाजवळ, खानापूर रोडला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावालाच. आधार, पॅन, पीएफचे अर्ज, गॅसची केवायसी असली कामंच जास्त. महिन्याच्या वीस तारखेनंतर दुकानात येणारी गर्दी बदलते. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतली, मच्छ्याच्या मशीन शॉपमधली, नाहीतर रोज हद्द ओलांडून शिनोळीला कंत्राटदाराकडं जाणारी पोरं येतात. वय एकोणीस ते चोवीस. आधी दुकान रिकामं होईपर्यंत बाहेर उभी राहतात, मग आत येऊन फोन काउंटरवर उपडा ठेवतात. फोन उपडा ठेवला की मी समजतो.

मागच्या उन्हाळ्यात असाच एक जण आला. फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या लोखंडाच्या कडा घासून साफ करायला असणारा, बोटांच्या टोकांवरच्या रेघा वाळूनं आणि ग्राइंडरनं पार गुळगुळीत झालेल्या. दोनच दिवसांपूर्वी त्याचा अंगठा माझ्या मशीनवर सात वेळा ठेवूनही आधारला जुळला नव्हता, त्यामुळं घरचं काम अडलं होतं. त्याच पोराला एका ॲपनं चार मिनिटांत कर्ज दिलेलं. तिथं बोट लागत नाही, सेल्फी पुरते. स्क्रीनवर कर्ज ५,००० रुपये, खात्यात आले ३,५००, आणि सातव्या दिवशी भरायचे पुरे ५,०००. ते भरायला दुसरं ॲप, दुसऱ्याचं भरायला तिसरं. त्या दिवशी सकाळी त्याच्या मावशीला, मुकादमाला आणि गावातल्या किराणा दुकानदाराला मेसेज गेले होते की हा माणूस चोर आहे.

"मी देणारच म्हणून सांगूलालोय की ओ त्यांना," तो म्हणाला. "ऐकतच न्हाईत."

त्याच्यासोबत बसून जे केलं आणि त्यानंतर आणखी पाच-सहा जणांसोबत करावं लागलं, ते इथं क्रमानं लिहितोय. मी वकील नाही. पण कुठला कागद कुठं लागतो, हे या काउंटरवर बसून कळतं.

आधी हात थांबवा

पहिलं काम पैशाचं नाही. फोनवरून नवीन कर्ज घेणं त्याच क्षणी थांबवायचं. ॲप "मुदतवाढ" देतं, म्हणजे १,५०० भरा आणि आणखी सात दिवस घ्या. ते १,५०० मुद्दलातून वजा होत नाहीत, हवेत जातात. त्या पोरानं तीन वेळा मुदतवाढ घेतली होती. म्हणजे ३,५०० हातात घेऊन ४,५०० भरले आणि वर ५,००० देणं तसंच उभं.

दुसरं, घरातल्या एका माणसाला सांगायचं. बापाला सांगायची छाती होत नसेल तर वहिनीला, मामाला, मोठ्या भावाला. धमकी देणाऱ्याचं सगळं बळ तुम्ही लपवताय यात असतं. घरी कळलंय म्हटल्यावर त्याच्या हातातला अर्धा दोर सुटतो. आणि जीव नकोसा वाटायला लागला असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन लावा. टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते.

शंभर पानी वही

आता वही घ्या, मोबाईलमधलं नोटपॅड नको. प्रत्येक कर्जाला एक पान. वर ॲपचं नाव, खाली तारीख, मंजूर रक्कम, खात्यात प्रत्यक्ष आलेली रक्कम, कापलेली रक्कम, भरायची तारीख, आतापर्यंत भरलेले पैसे आणि ते कुठल्या खात्यावर किंवा यूपीआयवर गेले ते. बँकेचं स्टेटमेंट काढून प्रत्येक ओळ जुळवा.

मग हिशेब. ३,५०० मिळाले आणि सात दिवसांत १,५०० जास्त गेले, म्हणजे आठवड्याला जवळजवळ ४३ टक्के. वर्षाच्या हिशेबात हा दर २,२३५ टक्क्यांच्या घरात जातो. हे बोगस ॲपचं झालं. नोंदणी असलेल्या कंपनीचं उदाहरण घ्या. १०,००० चं कर्ज तीस दिवसांसाठी, दिवसाला १ टक्का व्याज, १,००० प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी. हातात ८,८२०, भरायचे १३,०००. "दिवसाला फक्त एक टक्का" ऐकायला गोड वाटतं, पण वर्षाचा दर ५७७ टक्के पडतो. आमच्याकडं शेकडा पाचनं महिन्याला पैसे देणाऱ्याला लोक तोंडावर शिव्या घालतात, त्याचा दर वर्षाला ६० होतो.

हा आकडा पोरांना मी स्वतः सांगत नाही, कॅल्क्युलेटर त्यांच्याच हातात देतो. आकडा आल्यावर ते माझ्याकडं बघतात आणि पुन्हा एकदा करून बघतात.

पाटी कुणाची, गल्ला कुणाचा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे आणि बहुतेक जण हीच सोडतात. फोनवरचं ॲप ही दुकानाची पाटी. पैसे ज्याचे आहेत तो मालक वेगळा, बहुतेक वेळा एखादी एनबीएफसी, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडं नोंदलेली पण बँक नसलेली वित्त कंपनी. ॲपवाला तिचा अडत्या. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम काढले आणि ८ मे २०२५ ला ते नव्यानं एकत्र करून दिले. त्यात स्पष्ट आहे की अडत्यानं काहीही केलं तरी जबाबदारी त्या बँकेची किंवा कंपनीची. काम बाहेर दिलं म्हणून जबाबदारी बाहेर जात नाही.

म्हणून मालक शोधायचा. कर्ज घेताना आलेल्या ईमेलमध्ये करारपत्र आणि "की फॅक्ट स्टेटमेंट" नावाचं पत्रक असतं. पोरं ते कधी उघडत नाहीत, पण ते मेलमध्ये पडलेलं असतं. त्यात कर्ज देणाऱ्याचं नाव, वर्षाचा एकूण दर, प्रत्येक फी, तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर असायलाच हवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या किरकोळ कर्जांना हे पत्रक सक्तीचं आहे. त्यात न छापलेली कुठलीही फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचं, असाही नियम आहे. आमची पोरं घरी मराठी बोलतात, शाळेत मराठी शिकतात, बाजारात कन्नड बोलतात, आणि कर्जाची सही इंग्रजीत करतात. "मला पत्रक मराठीत द्या" हे मागणं हक्काचं आहे. मागून बघा, काय उत्तर येतं ते लिहून ठेवा. तक्रारीत ते कामाला येतं.

मेल सापडत नसेल तर बँक स्टेटमेंटमध्ये पैसे कुठून आले ते नाव बघा. नाहीतर स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. त्यात तुमच्या नावावरची कर्जं आणि देणाऱ्यांची नावं दिसतात. कधी कधी न घेतलेलं कर्जही दिसतं, मग तो वेगळाच उद्योग.

नाव मिळालं की रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर दोन ठिकाणी तपासा. एक, नोंदणीकृत एनबीएफसींची यादी. दोन, १ जुलै २०२५ पासून तिथं ठेवलेली कर्ज ॲपची यादी. एक गोष्ट ध्यानात ठेवा, ती दुसरी यादी कंपन्यांनी स्वतः भरलेली असते. ॲप त्यात आहे म्हणजे रिझर्व्ह बँकेनं त्याच्या पाठीवर थाप मारली असं नाही. पण ॲप त्यात नाही आणि कंपनीही कुठं सापडत नाही, तर समजून जा.

आणखी एक साधी खूण. नियमाप्रमाणं कर्जाचे पैसे देणाऱ्या कंपनीच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यायला हवेत, आणि परतफेडही थेट कंपनीच्याच खात्यात जायला हवी. कुणा अमुकतमुकच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे टाकायला सांगत असतील तर वहीच्या त्या पानावर लाल रेघ ओढा. लिंकवरून एपीके फाइल उतरवून घातलेलं ॲप असेल तर दोन रेघा. गूगलच्या प्ले स्टोअरचा नियम असा की साठ दिवसांच्या आत पूर्ण फेडायचं वैयक्तिक कर्ज देणारं ॲप तिथं चालत नाही, आणि मे २०२३ अखेरपासून कर्ज ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो घ्यायलाही बंदी आहे. सात दिवसांचं कर्ज देणारा मग लिंक पाठवतो, व्हॉट्सॲपवर बोलतो.

इथून तीन वाटा फुटतात.

कंपनी खरी निघाली तर

कर्ज घेऊन एक-दोन दिवसच झाले असतील तर आधी "कूलिंग ऑफ"ची मुदत बघा. ती किमान एक दिवस असते, किती ते पत्रकात लिहिलेलं असतं. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून कर्जातून बाहेर पडता येतं, दंड नाही. पत्रकात आधी सांगितलेली प्रोसेसिंग फी मात्र ते ठेवून घेऊ शकतात.

मुदत गेली असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. फोन नको, फोनवर बोललेलं हवेत जातं. मी पोरांना साधारण असा मजकूर लिहून देतो:

"मी अमुक क्रमांकाचं कर्ज तुमच्या कंपनीकडून अमुक ॲपमार्फत घेतलं आहे. माझा पगार महिन्याला इतका आहे. कर्ज देताना माझं उत्पन्न किती नोंदवलं आणि कशाच्या आधारे, ते लेखी कळवावं. की फॅक्ट स्टेटमेंटची मराठी प्रत आणि आजपर्यंतचा पूर्ण खातेउतारा द्यावा. माझ्या नातेवाइकांना आणि कामाच्या ठिकाणी अमुक तारखांना गेलेले मेसेज सोबत जोडले आहेत, ते त्वरित थांबवावेत. मी मुद्दल बुडवणार नाही. दरमहा इतके रुपये, इतक्या हप्त्यांत भरायला तयार आहे."

यातलं उत्पन्नाचं वाक्य गाळू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे की कर्ज देण्याआधी कंपनीनं कर्जदाराचं वय, व्यवसाय, उत्पन्न नोंदवून त्याची फेडायची ऐपत तपासायची आणि ती नोंद तपासणीसाठी ठेवायची. कंत्राटदाराकडं महिन्याला १३,००० मिळवणाऱ्या पोराला एकाच महिन्यात १३,००० परत मागणारं कर्ज देताना कुणी काय तपासलं, हा प्रश्न लेखी गेला की पलीकडच्या उत्तराचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे. दर वेळी नाही. पण बऱ्याचदा.

हप्ता थकला तर दंड लागतो, तो किती हे आधी पत्रकात असायला हवं. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानंतर दंडाला व्याजदरात मिसळता येत नाही आणि दंडावर पुन्हा व्याजही चढवता येत नाही. खातेउतारा आला की हीच ओळ आधी शोधा.

वसुलीवाल्याचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर येता कामा नयेत. शिवीगाळ, धमकी, मित्र-नातेवाइकांना गाठून बदनामी हे सगळं नियमात निषिद्ध आहे. वसुली एजंटाकडं प्रकरण दिलं तर तो तुमच्यापर्यंत येण्याआधी त्याचं नाव कंपनीनं तुम्हाला मेसेजनं किंवा ईमेलनं कळवायचं असतं. म्हणून अनोळखी माणूस फोनवर तावातावानं बोलायला लागला की एकच वाक्य बोला: "तुमचं नाव कंपनीनं मला कळवलेलं नाही, आधी ते पाठवा."

तीस दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा आलं ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जायचं. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे, तिथं मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. आधी कंपनीला केलेला ईमेल आणि तीस दिवस, या दोन गोष्टींशिवाय जाऊ नका, तक्रार परत येते. तीस दिवस संपले की मात्र रेंगाळू नका.

आता एक धोक्याची गोष्ट, जी मोबाईलवरचे "कर्जमुक्ती गुरू" सांगत नाहीत. कर्ज फेडता आलं नाही हा गुन्हा नाही, ती दिवाणी बाब आहे, तेवढ्यासाठी पोलीस उचलून नेत नाहीत. पण हप्त्याला ऑटो-डेबिटची संमती दिली असेल आणि खात्यात पैसे नसल्यानं तो परत गेला, तर पेमेंट आणि सेटलमेंट कायदा, २००७ च्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखीच फौजदारी केस होऊ शकते, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. अशी लेखी नोटीस आली तर हाती पडल्यापासून पंधरा दिवसांत भरायची संधी असते. म्हणून नोटीस घरात लपवून ठेवू नका. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात घेऊन जा. तिथं पात्र लोकांना वकील फुकट मिळतो, नंबर १५१००. आणि व्हॉट्सॲपवर आलेली, वर सिंहाची मुद्रा आणि खाली "अरेस्ट वॉरंट" छापलेली पीडीएफ ही नोटीस नव्हे. अशा बऱ्याच मी प्रिंट केल्यात. एकात न्यायालयाचं नावच चुकलेलं होतं.

तडजोड झाली तर पैसे भरण्याआधी पत्र लेखी घ्या, भरल्यावर नो ड्यूज, म्हणजे देणं बाकी नाही असं पत्र घ्या. क्रेडिट रिपोर्टवर "सेटल्ड" आणि "क्लोज्ड" यात फरक असतो. सेटल्ड म्हणजे थोडं सोडून दिलं असा शेरा, तो पुढं घरकर्जाच्या वेळी आडवा येतो. जमत असेल तर व्याज-दंडात सूट मागून बाकी पूर्ण भरून क्लोज्ड करून घ्या.

बोगस निघालं तर

या वाटेवर भरणं थांबवा. पैसे दिले की मागणी वाढते, हे मी वहीच्या पानापानांवर बघितलंय.

ॲप लगेच काढून टाकू नका. आधी स्क्रीनशॉट: ॲपचं पान, कर्जाची रक्कम, धमक्या, पाठवणाऱ्याचे नंबर, यूपीआय आयडी. नातेवाइकांना आलेले मेसेज त्यांच्याकडून मागून घ्या. सगळं एका ईमेलवर पाठवून ठेवा, आणि मगच फोनमधून परवानग्या बंद करून ॲप काढा. मग ओळखीच्या सगळ्यांना एकच मेसेज टाका: "माझा फोन एका फसव्या कर्ज ॲपनं उघडला आहे. माझ्या नावानं काही आलं तर उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट मला पाठवा." लाज वाटते, कबूल. पण मुकादमाला चोर म्हणून मेसेज जाण्याआधी हा गेला तर चित्र वेगळं होतं.

लगेच १९३० ला फोन करा आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. फोटो विकृत करून पाठवत असतील तर आयटी कायद्याची कलमं लागतात, पैशासाठी धमकावणं म्हणजे खंडणी, भारतीय न्याय संहितेत कलम ३०८. बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाणं आहे. पण हद्दीचा घोळ घालून कुणी परत पाठवत असेल तर ऐकू नका. काम शिनोळीत म्हणजे महाराष्ट्रात, घर उचगावात म्हणजे कर्नाटकात, आणि ॲपवाला कुठं बसलाय ते देवाला ठाऊक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, पुढं पाठवायचं काम पोलिसांचं. बेकायदा कर्ज देणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेच्या "सचेत" पोर्टलवरही कळवता येतं.

मीटर बड्डी

तिसरी वाट जुनी आहे, ॲपच्याही आधीची. गल्लीतला कुणीतरी आठवड्याच्या बोलीवर पैसे देतो, कोरे चेक आणि गाडीचं आरसी बुक ठेवून घेतो. आमच्याकडं याला मीटर बड्डी म्हणतात, रिक्षाच्या मीटरसारखी पडत जाते म्हणून. बड्डी म्हणजे व्याज, कन्नडमधून आलेला शब्द, पण वसुलीला आला की सगळ्या भाषांत कळतो.

इथं राज्याचा कायदा लागतो. कर्नाटक सावकारी कायदा, १९६१ प्रमाणं परवाना लागतो, आणि परवानाधारक सावकारालाही तारणावर वर्षाला १४ आणि बिनतारण १६ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. जबर व्याजाविरुद्ध २००४ चा वेगळा कायदा आहे. आणि मायक्रोफायनान्सच्या वसुलीचा जाच गाजल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यानं अध्यादेश काढला, पुढं त्याचा कायदा झाला. जबरदस्तीच्या वसुलीला त्यात १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे. विनापरवाना सावकारानं दुर्बल घटकातल्या माणसाला दिलेलं कर्ज फिटलं असं धरायची तरतूदही त्यातच आहे. परवान्याची चौकशी सहकार खात्याच्या कार्यालयात होते, तक्रार पोलिसांत. कोरे चेक दिले असतील तर त्यांचे नंबर आजच वहीत उतरवा आणि बँकेला लेखी कळवा.

पण हा २०२५ चा कायदा रिझर्व्ह बँकेकडं नोंदलेल्या बँका आणि एनबीएफसींना लागू नाही. त्याआधी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही राज्यांचे सावकारी कायदे एनबीएफसींना लावता येत नाहीत असा निकाल दिला होता. त्यांचं नियमन रिझर्व्ह बँकेकडं, आणि तिनं अशा कर्जाच्या व्याजाला वरची मर्यादा घातलेली नाही. म्हणजे शहापुरातल्या परवानाधारक सावकारानं १७ टक्के लावले तर तो गुन्हेगार, आणि त्याच गल्लीतल्या पोराच्या फोनवर ५७७ टक्के लावणारा पत्रकात तो आकडा छापून मोकळा. हे मला पटत नाही. छापलेलं पत्रक हे संरक्षण आहे खरं, पण वाचणाऱ्याकडं पर्याय असेल तर.

जाब कुणाला

"सही कुणी केली?" असं घरचे विचारतात. सही पोरानं केली, त्याची जबाबदारी आहेच, आणि हातात आलेलं मुद्दल फेडायला हवं हे मी पहिल्याच बैठकीत सांगतो. पण रांगेत तो एकटा नाही. ऐपत न तपासता पैसे देणारी कंपनी त्याच्या पुढं उभी आहे, कारण तपासायची सक्ती तिच्यावर आहे, त्याच्यावर नाही.

मग मालक. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा, हा कायदा आहे. कंत्राटदारानं थकवला तर ज्याच्या कारखान्यात काम चालतं त्या मूळ मालकावर ती रक्कम द्यायची जबाबदारी येते. माझ्या वहीतल्या बऱ्याच कर्जांची तारीख आठ ते पंधरा या मधली आहे. पगार लांबला, घरभाड्याची तारीख नाही लांबली. त्या फेटलिंगवाल्याचंही तेच. कंत्राटदार विचारतो, "एवढी उधळपट्टी कशाला करतात ही पोरं?" मी त्याला वहीतल्या तारखा दाखवल्या. तो चहा न पिताच गेला.

रेफरल कोड वाटणारा मित्रही रांगेत आहे. एका पोराला जोडलं की दोनशे रुपये मिळतात म्हणून सगळ्या शिफ्टला जोडलं. कायद्यानं त्याचं काही बिघडत नाही, पण गावात तोंड दाखवायची वेळ येते.

आईबाप मात्र रांगेत नाहीत, आणि हे ठणकावून सांगावं लागतं. अठरा वर्षांवरच्या मुलाच्या कर्जाला आईबाप जबाबदार नसतात, ते स्वतः सहकर्जदार किंवा जामीन असल्याशिवाय. अर्जात "रेफरन्स" म्हणून दिलेला मामा जामीनदार होत नाही. वसुलीवाला मामाला म्हणतो, "तुमचं नाव दिलंय, तुम्ही भरा," आणि साधा माणूस घाबरून भरतो. भरू नका. आणि पोरगं अठराच्या आतलं असेल तर १८७२ च्या करार कायद्यानं तो करारच रद्दबातल. फक्त आधी बघा की त्यानं बापाचं पॅन आणि बापाचाच चेहरा तर वापरला नाही. तसं असेल तर गोष्ट बदलते, आणि घरातही जरा वेगळं बोलायला लागतं.

पुढच्या महिन्याची वीस तारीख

मागचं निस्तरताना पुढचा खड्डाही बुजवायला हवा. पर्याय जुनेच आहेत, फक्त त्यांना ॲप नाही. पहिला, मुकादमाकडून उचल. बिनव्याजी असते, पगारातून वळती होते. मागताना रजिस्टरवर सही करून मागा, तोंडी नको. दुसरा, पिग्मी. बेळगावात गल्लीगल्लीत सोसायट्या आणि सौहार्द (याही सहकारी पतसंस्थाच) आहेत, रोजची बचत गोळा करणारे त्यांचे पिग्मी एजंट दुकानादारी येतातच. रोज पन्नास रुपये टाकले तर तीन महिन्यांत साडेचार हजार जमतात, आणि साठलेल्या पिग्मीवर कर्जही मिळतं. त्याचा दर विचारा, तुमच्या ॲपशेजारी वहीत लिहा. सोसायटी निवडताना ताळेबंद विचारायला लाजू नका, इथं बुडालेल्याही आपण पाहिल्यात. घरात सोनं असेल तर बँकेतलं सोनेतारण या सगळ्या ॲपपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. आईला विचारणं अवघड जातं, हे मात्र खरं.

त्या फेटलिंगवाल्याची तीन ॲप होती. दोन बोगस निघाली, तिथं भरणं थांबलं, तक्रार झाली, दीड महिन्यात फोन आटले. तिसरं नोंदणी असलेल्या कंपनीचं. ईमेलला उत्तर यायला सव्वीस दिवस लागले. दंड माफ, बाकी चार हप्त्यांत. पत्रक मराठीत मागितलं होतं, ते आलं नाही, पुन्हा मागायचं ठरलंय.

शेवटची एक व्यवहाराची गोष्ट. पोलीस ठाण्यात जाताना अर्ज कन्नडमध्ये न्या. मराठीत लिहिलेला घेत नाहीत असं नाही, पण टेबलावर पडून राहतो. वर कन्नड, खाली तोच मजकूर मराठीत, म्हणजे आपण कशावर सही करतोय हे आपल्यालाही कळतं. स्क्रीनशॉटच्या प्रिंट तारखेच्या क्रमानं लावा, प्रत्येकावर पेननं नंबर टाका, दोन संच करा, आणि एकावर पोहोच म्हणून शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.